क्रीडा मंडळाला देणगीदार मिळतात, पण ते टिकत का नाहीत?

चढाईपटू

आमचे कबड्डी मंडळ मुंबईच्या गिरणगावातले आहे. मंडळाचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याचा नसावा असे वाटते. माझे वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करीत. त्यांच्या पिढीत पगाराच्या दिवशी मंडळाचा एक माणूस पावतीपुस्तक घेऊन चाळीच्या जिन्याखाली उभा राहायचा आणि वर जाणारा प्रत्येक जण खिशात हात घालूनच वर जायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली, चाळींच्या जागी मनोरे आले आणि वर्गणी देणारी घरे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली.

आज संध्याकाळी ४० मुले-मुली सरावाला येतात. दोन प्रशिक्षकांना मानधन द्यावे लागते. सामने मॅटवर होऊ लागल्यापासून मैदानाला पाणी मारून आणि माती चोपून भागत नाही. मधली काही वर्षे एका स्थानिक नेत्यांनी स्पर्धेचा सगळा खर्च उचलला, त्यामुळे आम्ही दारोदार फिरणे सोडून दिले. निवडणूक झाली आणि त्यांचे फोन उचलणे बंद झाले. आता पावतीपुस्तक पुन्हा हाती घ्यावे, तर कोणाच्या दारात जावे हेच कळत नाही. ज्यांच्या मंडळांना वर्षानुवर्षे देणारी माणसे लाभली आहेत, त्यांनी ती कशी जोडली आणि मुख्य म्हणजे टिकवली कशी, हे कृपया सविस्तर लिहावे.

जुना कोषाध्यक्ष

चढाईपटू, तुमच्या लिखाणात वर्गणी, देणगी आणि प्रायोजकाचा पैसा हे तिन्ही एकाच पिशवीत आले आहेत, आणि बहुतेक मंडळांचे घोडे तिथेच अडते. वर्गणी देणारा मंडळाला आपले मानून देतो. देणगीदार आपल्याला पटलेल्या कामासाठी देतो. प्रायोजक आपले नाव चार लोकांनी वाचावे म्हणून देतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र तिघांशी बोलण्याची रीत वेगळी असावी लागते. तुमचे नेते प्रायोजक होते. त्यांना तुम्ही देणगीदार समजलात, एवढीच चूक झाली.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. आमच्या व्यायामशाळेने १९७८ मध्ये १०१ रुपयांत आजीव सभासद करून घेतले. त्या वर्षी छप्पर दुरुस्त झाले आणि सगळे खूश झाले. मी २००३ मध्ये कोषाध्यक्ष झालो तेव्हा सभासदांच्या नोंदवहीत ज्यांच्याकडे हक्काने दरवर्षी जावे अशी जवळजवळ सगळीच माणसे आजीव सभासद निघाली. "मी तर आयुष्यभराचे भरले आहेत," असे ते प्रेमाने सांगत, आणि ते खरेच होते. एका छपरासाठी आम्ही पुढच्या ३० वर्षांची वर्गणी मोडून खाल्ली होती. आजीव सभासदत्व द्यायचेच असेल, तर ती रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवावी आणि तिचे व्याज तेवढे वापरावे.

साशंक

मंडळाचा हिशेब गेल्या पाच वर्षांत कोणी भिंतीवर लावला आहे का? लावला असल्यास त्यात "किरकोळ खर्च" या नावाखाली किती रक्कम आहे? माझा पुढचा प्रतिसाद या उत्तरावर अवलंबून आहे.

बदलापूरकर

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे एकेकाळी देणारा आणि नंतर बंद केलेला माणूस आहे. परळमधल्या एका मंडळात मी उजवा कोपरा खेळत असे. १९९६ मध्ये बदलापूरला आलो, तरी पुढची सात वर्षे दर दिवाळीत जाऊन पैसे देत होतो. मग एका वर्षी जाणे झाले नाही, आणि मी का आलो नाही हे कोणीही विचारले नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी कोणीतरी माझा क्रमांक मिळवून मला व्हॉट्सॲपच्या समूहात घातले. पहिलाच संदेश बँकेच्या खात्याच्या तपशिलाचा होता. दुसरा त्याची आठवण करून देणारा होता. संघ कुठे खेळला, कोण जिंकले, माझ्या जागेवर आता कोण उभे राहते, यातले एक अक्षर नव्हते. मी समूह सोडला.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याच मंडळाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. मंडळाची एक मुलगी जिल्ह्याच्या निवड चाचणीत उतरणार होती आणि घोट्यात पकड करताना तिचे पाऊल मागे राहत होते. "तुम्ही कोपऱ्यातून जी पकड करत होता ती तिला एकदा दाखवाल का," एवढेच त्यांनी विचारले. मी गेलो. वयाच्या ५८ व्या वर्षी मॅटवर गुडघा टेकवून तिला पाऊल कुठे ठेवायचे ते दाखवले आणि नंतर दोन दिवस जिना चढताना कठड्याला धरून चढलो. पैशाचा विषय कोणी काढला नाही. परतताना मीच विचारले की खाते क्रमांक तोच आहे का. तेव्हापासून दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून ५०० रुपये आपोआप जातात.

रंकाळावासी

बदलापूरकरांचा प्रतिसाद वाचून आमच्या कोल्हापूरच्या तालमी आठवल्या. इथे फुटबॉलचे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे घेतली की माणूस कोणत्या गल्लीत वाढला ते कळते. शाहू स्टेडियमवर सामना असला की पुण्याला नोकरी करणारी मुलेही सुट्टी काढून येतात. अशा माणसाला देणगी मागावी लागत नाही. संघाला बूट कमी पडले असे कानावर आले तरी पुरते.

मात्र या धाग्यात मोठ्या आश्रयदात्याबद्दल जी नाराजी दिसते, ती मला एकांगी वाटते. खासबागेचे कुस्ती मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले आणि आजही तिथे कुस्त्या होतात. एका मोठ्या हाताने जागा, इमारत, आखाडा दिला, तर त्यावर पुढच्या चार पिढ्या खेळतात. लहान लहान वर्गण्यांतून खासबाग उभे राहिले नसते.

चढाईपटू

रंकाळावासी, पेठ जागेवर आहे तोवर तुमचे म्हणणे खरे आहे. आमची पेठच उचलली गेली. समोरच्या मनोऱ्याच्या २३ व्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आमचे मैदान खिडकीतून दिसते, पण त्यांच्या दृष्टीने ते वाहने लावण्याच्या जागेपलीकडचे एक मोकळे चौकोनी अंगण आहे.

साशंक, हिशेब दरवर्षी लेखापरीक्षकांकडून तपासून धर्मादाय आयुक्त कार्यालयात जातो. भिंतीवर लावलेला नाही. किरकोळ खर्चाचा आकडा पाहून सांगतो.

जुना कोषाध्यक्ष

रंकाळावासी यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. मोठ्या माणसाकडून वास्तू घ्यावी, पण रोजचा दिवा-पाणी त्याच्यावर टाकू नये. प्रशिक्षकाचे मानधन एकाच खिशातून येऊ लागले की प्रशिक्षक त्या खिशाकडे पाहून संघ निवडू लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही.

मल्लखांबवाली

देणगी म्हणजे रोख रक्कम असे गृहीत धरून सगळी चर्चा चालली आहे. आमच्या मल्लखांब वर्गाला गेली १४ वर्षे एक तेलाचे दुकानदार एरंडेल देत आहेत. मल्लखांबाला एरंडेल लावावे लागते आणि हाताला राळ, हे त्यांना त्यांच्या मुलीमुळे माहीत झाले. ती आता लग्न होऊन परगावी गेली, तरी दर महिन्याला डबा येतो. एकदा आमचा मुलगा रिकामा डबा परत द्यायला विसरला, तर त्यांनी निरोप धाडला की डबा नाही आला, सराव बंद आहे का? डबा रिकामा झाला की नाही यावरून त्यांना सराव जोरात चालला आहे की नाही हे समजते. आमच्या वार्षिक अहवालापेक्षा तो डबा अधिक बोलका आहे.

आणखी एक सांगते. मैदानाच्या कडेला पायरीवर बसून मुलांची वाट पाहणाऱ्या आयांकडे देणगीदार म्हणून कोणी पाहत नाही. मुलींना कपडे बदलायला आडोसा नव्हता, म्हणून सातवीनंतर मुली येणे सोडत. आम्ही ही गोष्ट कार्यकारिणीत तीनदा मांडली. अखेर पायरीवरच्या आयांपुढे मांडली आणि एका पावसाळ्यात पत्र्याची बंद खोली, कडी आणि आरशासह उभी राहिली. ज्यांनी त्यासाठी पैसे दिले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणी आजही देतात, त्यांच्या मुली वर्गातून गेल्या तरी देतात, कारण ती खोली त्यांची आहे.

आकडेमोड

लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून थोडी रुक्ष पण आवश्यक माहिती देतो.

कायद्याने खेळाचा प्रसार हा धर्मादाय हेतू मानला जातो. प्रत्यक्ष कर मंडळाचे तसे परिपत्रक १९८४ सालचे आहे. त्यामुळे न्यास म्हणून नोंदलेल्या क्रीडा मंडळाला प्राप्तिकर खात्याची नोंदणी आणि देणगीदारांना करसवलत देणारी ८० जी कलमाची मान्यता मिळू शकते. ही सवलत बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्क्यांवर आणि उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत मिळते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही आणि वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही. म्हणजे एरंडेल देणारे गृहस्थ निव्वळ प्रेमाने देत आहेत. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरून प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसती पावती पुरत नाही. हे विवरण भरायला विसरलेल्या संस्थेचा देणगीदार जुलैमध्ये फोन करतो आणि पुढच्या वर्षी फोन करत नाही.

तरीही सवलतीचा फार गाजावाजा करू नये असे माझे मत आहे. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, आणि पगारदार मंडळी मोठ्या संख्येने तिकडे गेली आहेत. सवलतीच्या ओढीने आलेला देणगीदार तिच्याबरोबरच जातो.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) निधीबद्दल विचारणा होईल, म्हणून आधीच लिहितो. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. अनुसूचीतला शब्द "प्रशिक्षण" आहे, हे लक्षात घ्यावे. एकदाच होणाऱ्या स्पर्धेच्या मंडपाला कंपन्या या निधीतून पैसे देत नाहीत. संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो आणि तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. या निधीवर नव्या खेळाडूंचे शिबिर जरूर घ्यावे, पण मंडळाचे वीजबिल त्यावर सोपवू नये.

शेवटचा मुद्दा परदेशस्थ जुन्या खेळाडूंचा. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांची रक्कम परकीय ठरते, मग ते मंडळाचे माजी कर्णधार का असेनात. तिला वेगळी केंद्रीय नोंदणी लागते आणि ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. पैसे स्वीकारण्यापूर्वी पारपत्राचा रंग विचारणे अवघड वाटते, पण विचारावे.

राईनकाठ

जर्मनीत गेली ११ वर्षे आहे आणि माझा मुलगा इथल्या गावच्या हँडबॉल मंडळात खेळतो. इथे दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली म्हणजे न खेळणाऱ्यांसाठीही सभासदत्वाचा एक प्रकार असतो. त्याला साहाय्यक सभासद म्हणता येईल. माझ्या शेजारच्या आजी ७९ वर्षांच्या आहेत, त्यांनी कधी चेंडू हातात धरलेला नाही, पण त्यांच्या खात्यातून मंडळाची रक्कम दरवर्षी आपोआप वळती होते आणि त्या सर्वसाधारण सभेत पहिल्या रांगेत बसतात. दुसरी म्हणजे पालकांना पैशाऐवजी वेळ मागितला जातो. माझ्या वाट्याला घरच्या सामन्यांच्या दिवशी केक विकणे आले. तीन वर्षे केक विकल्यावर मंडळाच्या नव्या दिव्यांसाठी पैसे मागितले गेले, तेव्हा नकार देणे मला सुचलेच नाही.

इथे क्रीडा मंडळाच्या वर्गणीवर करसवलत नाही, ती देणगीवरच आहे. तरीही वर्गणीदार टिकून आहेत, त्यामुळे आकडेमोड यांचे म्हणणे पटते.

पेठेतला

आपल्याकडची दीर्घायुषी उदाहरणेही पाहावीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. दोघांनी शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये काढली. आखाड्याला शिक्षणसंस्थेची जोड मिळाली आणि दर वर्षी बाहेर पडणारा विद्यार्थी हा पुढचा हितचिंतक झाला, असे मला वाटते. प्रत्येक मंडळाला महाविद्यालय काढता येणार नाही, हे उघड आहे. पण खेळून गेलेल्या प्रत्येकाचे नाव, वर्ष आणि पत्ता असलेली वही ठेवायला काय खर्च येतो?

डावा कोपरा

आमचा प्रयोग सांगतो, त्यातून फायदाही झाला आणि भांडणही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मॅटचे तुकडे एक मीटर चौरसाचे, म्हणजे १३० तुकडे लागले. आम्ही मैदानाचा आराखडा मोठ्या पुठ्ठ्यावर काढला आणि "एक तुकडा तुमचा" असे जाहीर केले. ज्याने पैसे दिले त्याचे नाव त्या चौकटीत पेनाने लिहिले. पुठ्ठा मैदानाच्या दारात ठेवल्यामुळे रिकाम्या चौकटी लोकांना खटकू लागल्या आणि दोन महिन्यांत मॅट पूर्ण झाली.

त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. बोनस रेषेवरचा तुकडा सगळ्यांनाच हवा होता. ज्यांचा तुकडा लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, आला, त्या एका काकांनी सामन्यानंतर गंभीरपणे विचारले की झटापट झाल्याशिवाय त्यांच्या तुकड्यावर कोणी पाय ठेवत नाही, तर पुढच्या वर्षी तो आत सरकवता येईल का. आम्ही हसलो, पण नंतर लक्षात आले की हे काका प्रत्येक सामना पाहायला येऊ लागले आहेत आणि नजर लॉबीवर ठेवून बसतात.

साशंक

पुठ्ठ्याची कल्पना उत्तम आहे, परंतु ती मॅट येईपर्यंत चालते. त्या १३० जणांपैकी पुढच्या वर्षी किती जणांनी पुन्हा दिले, ते डावा कोपरा यांनी लिहिलेले नाही.

डावा कोपरा

साशंक यांनी बरोबर नस पकडली. पुढच्या वर्षी ३१ जणांनी दिले. बाकीच्यांकडे आम्ही गेलोच नाही, कारण मॅट मिळाल्याच्या आनंदात कोणी कोणाला आभाराचे पत्र लिहायचे हे ठरवायचे राहून गेले. काका त्या ३१ मध्ये आहेत.

आकडेमोड

त्या नावांबाबत एक तांत्रिक पुरवणी जोडतो. देणगीदाराचे नाव कृतज्ञता म्हणून लिहिले आणि त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नसेल, तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे २०१९ चे परिपत्रक आहे. "अमुक यांच्या स्मरणार्थ" चालते. त्याखाली दुकानाचा पत्ता आणि "घरपोच सेवा" असे लिहिले की ते प्रायोजकत्व होते.

मल्लखांबवाली

आमच्या तेलवाल्यांनी दुकानाचे नाव लावू दिलेले नाही. डब्यावर मात्र ते छापलेलेच आहे, त्याला इलाज नाही.

चढाईपटू

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. गेल्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. पेठेतला यांनी सुचवलेल्या वहीपासून सुरुवात करायची ठरली. मंडळाच्या माळ्यावर जुन्या संघांची २६ छायाचित्रे सापडली. काहींच्या मागे शाईने नावे लिहिली आहेत, काहींच्या मागे केवळ "उपविजेते" असे आहे. आम्ही ती भ्रमणध्वनीवर टिपून जुन्या मंडळींना पाठवली आणि फोटोतली माणसे ओळखायला सांगितले. पैशाबद्दल काही लिहिले नाही. चार दिवसांत ६० हून अधिक नावे पटली. एका फोटोत माझे वडील मागच्या रांगेत आहेत, हे मला विरारच्या एका गृहस्थांनी सांगितले. मी त्यांना ओळखले नव्हते, कारण त्या वयात त्यांना मिशी नव्हती.

दोन गोष्टींवर मतभेद राहिले. अध्यक्षांना वर्धापनदिनी सगळ्यांना बोलावून तिथेच पावतीपुस्तक उघडायचे आहे. मला वाटते की पहिल्या भेटीत ते उघडू नये, मुलांचा सामना दाखवावा आणि बदलापूरकरांसारख्या चौघांना मॅटवर उतरवावे. दुसरा वाद आजीव सभासदत्वाचा. ते एकरकमी घेण्याचा मोह पुन्हा झाला होता. जुन्या कोषाध्यक्षांचा प्रतिसाद मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा तो बेत तूर्त मागे पडला.

बदलापूरकर

चौघांना मॅटवर उतरवणार असाल तर गुडघ्याचे पट्टे मंडळाने पुरवावेत, ही नम्र विनंती.

जुना कोषाध्यक्ष

अध्यक्षांना सांगावे की पावतीपुस्तक बंद ठेवा, पण दाराशी असू द्या. कोणी स्वतःहून विचारले आणि ते सापडले नाही, असेही घडू नये. आमच्याकडे घडले आहे. कपाटाची किल्ली चिटणीसांकडे होती आणि चिटणीस गावी गेले होते.

साशंक

आणि हिशेब?

चढाईपटू

ताळेबंद शनिवारी मैदानाच्या दाराजवळच्या फलकावर लावतो आहे. किरकोळ खर्च ११,४४० रुपये निघाला. त्यातल्या ८,७०० रुपयांच्या पावत्या मिळाल्या, त्या चहा, बर्फ आणि पंचांच्या रिक्षाच्या आहेत. उरलेले २,७४० रुपये कशाचे, ते शोधण्यासाठी आज रात्री दोघे जण कपाट उपसत आहोत. सापडले नाही तर फलकावर तेही तसेच लिहीन.